डाव कोणी संपवायचा?

क्रिकेटमध्ये डाव कधी संपतो, असं वर्गात विचारलं की मुलं एका सुरात सांगतात, "दहा आऊट झाले की!" फार तर एखादा म्हणतो, ओव्हर संपल्या की, नाहीतर टार्गेट गाठलं की. कर्णधार चालू डाव आपणहून घोषित करू शकतो, हे आयपीएलवर वाढलेल्या पोरांना पटतच नाही. खेळता येतंय तर थांबायचं कशाला?

मग मी मुलतान सांगतो. मार्च 2004. सेहवाग 309 करून परतलेला, भारत 5 बाद 675, सचिन 194 वर नाबाद, आणि द्रविडने डाव घोषित केला. मुलं चिडतात. मी मात्र द्रविडच्या बाजूचा. डाव संघाचा असतो आणि तो थांबवायचा हक कर्णधाराचा. भारताने तो सामना एक डाव आणि 52 धावांनी जिंकलाही.

पुण्यात डिसेंबर 1948 मध्ये जे झालं, ते मला आजही खटकतं. रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. भाऊसाहेब निंबाळकर 443 वर नाबाद. कमल भांडारकरांच्या 205 धावा, दोघांची भागीदारी 455 ची. महाराष्ट्र 4 बाद 826. ब्रॅडमनचा प्रथम श्रेणीतला 452 चा विक्रम मोडायला फक्त दहा धावा हव्या होत्या. काठियावाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकोरसाहेब. त्यांचं म्हणणं, डाव घोषित करा, नाहीतर आम्ही चाललो. आणि खरंच गेले! दहा गडी बाद नाहीत, कर्णधाराने डाव सोडलेला नाही. समोरचे उठून गेले म्हणून खेळ संपला. गोलंदाज थकले असतील, सामन्यात काही उरलं नसेल, सगळं कबूल. पण दहा धावांना वेळ तो किती लागला असता? आमच्या मोहल्ल्यात आऊट झाल्यावर बॅट घेऊन घरी जाणाऱ्या पोराला रडका म्हणतात. संस्थानिकाला कोण म्हणणार?

ब्रॅडमनचा विक्रम शेवटी जानेवारी 1959 मध्ये कराचीत हनीफ मोहम्मदने मोडला. हे नाव घेतलं की स्टाफरूममध्ये कुणीतरी हळूच माझ्याकडे बघतं. बघू दे. हनीफ जन्मला जुनागढला, म्हणजे काठियावाडातच. 499 वर, पाचशेवी धाव घेताना तो धावबाद झाला. निदान पळता पळता संपली त्याची खेळी.

निंबाळकरांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. रणजीतली सर्वांत मोठी खेळी मात्र अजून त्यांच्याच नावावर आहे, आणि तिच्यापुढे ‘नाबाद’ लिहिलेलं आहे.