सागाच्या मुलखात लोखंडी चौकटी

यवतमाळ जिल्ह्यातील ढाणकी आणि तिच्या भोवतालचा उमरखेड तालुका पैनगंगेच्या सागवानी जंगलाला लागून आहे. तरीही या टापूत नव्याने बांधल्या जाणाऱ्या घरांना लोखंडी चौकटी व अॅल्युमिनियमच्या खिडक्या बसतात, आणि खुर्च्या-कपाटे भुशाच्या दाबीव फळ्यांची, शहरांतून येतात. हा केवळ बदललेल्या आवडीचा परिणाम मानणे भाबडेपणाचे ठरेल.

अभयारण्यातील झाडाला हात लागता कामा नये, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो शेताच्या बांधावरील मालकी सागाचा. स्वतः लावून वाढविलेले झाड तोडावयाचे तर शेतकऱ्याला हद्दीची मोजणी, वनखात्याची परवानगी, लाकडावर हातोड्याची निशाणी आणि शेवटी वाहतूक पास, एवढ्या पायऱ्या चढाव्या लागतात. चोरट्या तोडीला आळा बसावा म्हणून हे नियम झाले, हे खरे. परंतु चोर पास मागावयास येत नाही. हेलपाट्यांना कंटाळलेला शेतकरी मिळेल त्या भावात उभे झाड ठेकेदाराला देऊन मोकळा होतो आणि गावच्या सुताराच्या हाती मात्र दुरुस्तीचे काम तेवढे उरते.

लाकूड वापरणे म्हणजे जंगल बुडविणे, ही समजूतही सरकारनेच रुजविली. केंद्रीय बांधकाम खात्याने १९९३ मध्ये आपल्या इमारतींत लाकूड बंद केले; ती बंदी उठावयास २०२० साल उजाडावे लागले. वस्तुतः वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग कार्बनचा असतो व चौकट टिकेल तितकी वर्षे तो तेथेच कोंडलेला राहतो. उलट लोखंड व अॅल्युमिनियम घडवावयास भट्ट्या पेटवाव्या लागतात. शिवाय सागाच्या अंगचे तेल वाळवीला दूर ठेवते. बाभूळ आणि कडुनिंब यांचे गुण तर जुन्या सुतारांना तोंडपाठ होते.

अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ मध्ये चंद्रपूरचे सागवान वाजतगाजत गेले. विदर्भाच्या लाकडाचा तो गौरवच होय. पण ढाणकीच्या शेतकऱ्याला बांधावरचा साग स्वतःच्या दाराला लावताना घाम फुटावा, ही विसंगती कोणाला खटकलेली दिसत नाही.

१९२७ च्या वन कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला आणि बांधावरच्या बांबूचा मार्ग मोकळा झाला. सागाला तेवढी सूट देणे धोक्याचे आहे. कारण चोरीच्या मालाची खरी किंमत सागालाच. तथापि बांधावरील झाडांची नोंद लागवडीच्या वेळीच सातबाऱ्यावर झाली, तर तोडीच्या वेळी मालकी नव्याने सिद्ध करीत बसण्याचे कारण उरणार नाही. ही नोंद तलाठ्याच्या दप्तरात आजही होऊ शकते. अडते ते तिच्यावर विश्वास ठेवण्याच्या वनखात्याच्या तयारीपाशी.