हलका हात

दिवाळी आली की आमच्या लासुर्ण्यात दोन आवाज सुरू होतात. एक फटाक्यांचा, दुसरा बारामती-इंदापूर रस्त्याने ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांचा. पहिला चार दिवसांत थांबतो. दुसरा मात्र गळीत हंगाम संपेपर्यंत घराचा पाया हलवीत राहतो. यंदा या दुसऱ्या आवाजाशी माझे भांडण जुंपले, कारण मी एक टर्नटेबल घेतले.

अगदी स्वस्तातले हो! वडिलांच्या तबकड्या ट्रंकेत मुक्या पडल्या होत्या, त्यांना वाचा फुटावी एवढीच इच्छा. मोठ्या हौसेने यंत्र टेबलावर मांडले, दोन्ही बाजूंना स्पीकर ठेवले आणि तबकडी लावली. बाहेरून ट्रॅक्टर गेला. सुईने टुणकन उडी मारली. आवाज वाढवला, तर स्पीकरचाच हादरा टेबलातून सुईत शिरून खोली घुमू लागली.

उपाय घरातच होता. जुन्या दगडी भिंतीतल्या फडताळात शहाबादी फरशीचा तुकडा बसवला, गवंड्याची पाणसळ लावून तो समतल केला आणि त्यावर यंत्र ठेवले. स्पीकर खाली, वेगळ्या चौरंगांवर गेले. खर्च शून्य, फरक मात्र रुपयात बारा आणे!

पण आवाज पुसटच. त्याचे कारण असे, की सुईकडून येणारी वीज जेमतेम चार-पाच मिलिव्होल्टची. शिवाय तबकडी कापतानाच खर्ज कमी आणि तार सूर चढे ठेवलेले असतात. १९५४ च्या सुमारास ठरलेल्या मापाने ते पुन्हा सरळ करावे लागतात. हे काम ‘फोनो’ नावाचा छोटा भाग करतो. बऱ्याच स्वस्त यंत्रांत तो आतच असतो. मागे खटका असतो. अ‍ॅम्प्लिफायरलाही फोनोची जागा असेल, तर दोहोंपैकी एकच वापरावा. दोन्ही लावले की गाणे फाटलेच. आणि गुणगुण ऐकू आली, तर यंत्राची अर्थिंगची बारीक तार अ‍ॅम्प्लिफायरच्या स्क्रूला जोडलेली आहे ना, ते आधी पाहावे.

आता खरी गोष्ट: वजन. एल. पी. वर सुईचा भार दीड ते साडेतीन ग्रॅम. नेमका आकडा कार्ट्रिजच्या कागदावर असतो. आधी मागचे वजन फिरवून दांडी तराजूसारखी अधांतरी तोलावी, आकड्यांची कडी शून्यावर आणावी, मग सांगितलेला भार द्यावा. भार फार कमी ठेवला, तर सुई खाचेत नाचते आणि तिच्या भिंती ओरबाडते. जास्त ठेवला तर काय होते, हे मला कुणी सांगायला नको.

मी आठ वर्षांचा होतो. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून घरोघर पोचलेल्या ‘गीतरामायणा’ची एक एल. पी. वडिलांनी पुण्याहून आणली होती. भाऊबीजेला ते रानात दारे धरायला गेले. त्यांचा विजेचा प्लेअर कुलपात. पण आजोबांचा चावीचा ग्रामोफोन सोप्यात उघडाच होता. मी एल. पी. त्यावर चढवली. पोलादी सुई, तिच्यावर शंभर ग्रॅमच्या घरातला भार आणि वेग ७८ फेऱ्यांचा! चिरके गाणे ऐकून आम्ही पोरे पोट धरून हसलो. आत्या चुलीपासून धावत आली आणि तिने सुई उचलली. संध्याकाळी वडिलांनी ती तबकडी लावली, थोडी ऐकली आणि पाकिटात घातली. बोलले काहीच नाहीत. ती पुन्हा कधी वाजली नाही.

जाता जाता उलटेही सांगतो. लाखेच्या ७८ च्या तबकड्यांना एल. पी. ची सुई लावू नये. त्यांना तिच्या तिप्पट-चौपट रुंद टोकाची सुई लागते. त्या स्पिरिटनेही पुसू नयेत, लाख विरघळते.

यंदा भाऊबीजेला आत्या आली. नव्वदीला टेकली आहे, पण कान शाबूत. मी तीच तबकडी लावली. ग्रामोफोनवर अर्धे मिनिट खरवडलेले अंतर ३३ च्या वेगाने मिनिटभराहून अधिक चालते. तेवढा वेळ नुसती खरखर, जशी कढईत मोहरी तडतडावी. मी खाली मान घालून बसलो होतो. एकाएकी खरखर सरली आणि बाबूजींचा स्वर स्वच्छ उमटला.

आत्याने बोट वर केले. “हितं मी आले बघ,” ती म्हणाली.

रस्त्याने एक ट्रॅक्टर गेला. सुई हलली नाही. ती बाजू आम्ही शेवटपर्यंत ऐकली.