बातमी विझते, चूल नाही

दिवाळीच्या सुमारास दिल्लीचे आकाश काळवंडले की साप्ताहिकांची मुखपृष्ठे प्रदूषणाने भरतात. थंडी सरली की विषयही सरतो. अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी हे चक्र १९७२ मध्येच मांडले होते. प्रश्न गाजतो, उपायाचा खर्च कळतो, मग लक्ष उडते. प्रश्न मात्र तिथेच राहतो.

अजिंठ्याचेच पाहा. लेण्यांजवळ धूर नको म्हणून पर्यटकांच्या गाड्या फर्दापूर फाट्यावर थांबवतात, ते योग्यच. पण गावोगावी चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या फुप्फुसांचे काय? २०१६ मध्ये उज्ज्वला योजनेची गॅसजोडणी गाजली. टाकी परवडेना म्हणून पुन्हा पेटलेल्या चुलीची बातमी क्वचितच होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे २०२० मध्ये जगभरात ३२ लाख मृत्यू झाले. विडीला कधी हात न लावलेल्या बाईलाही या धुराने सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार जडतो.

म्हणून बातम्या थांबल्या म्हणजे हवा सुधारली, असे समजू नका. चुलीजवळ खिडकी किंवा धुराडे हवेच. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला किंवा चालताना दम लागू लागला, तर तपासून घ्या आणि डॉक्टरांना चुलीबद्दल आवर्जून सांगा.