एकमताचा सोस

मध्य प्रदेशातील राजकारणाचा विषय निघाला की आपल्या जुन्या मराठी घरांतून दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले असे की, इतर प्रांतांत पक्षांची बजबजपुरी माजली असली तरी येथे मात्र दोनच पक्ष आहेत, एक नकोसा झाला तर दुसरा आहेच, आणि म्हणून आमची लोकशाही निरोगी आहे. दुसरे असे की, काँग्रेस गटबाजीने बुडाली व भारतीय जनता पक्ष शिस्तीने तरला. पहिल्या वाक्याला आकड्यांचा आधार आहे. २०१८ च्या विधानसभा निवडणुकीत या दोन पक्षांना मिळून सुमारे ८२ टक्के मते पडली आणि २०२३ मध्ये जवळजवळ ८९ टक्के. दुसऱ्या वाक्याला निकालांचा आधार आहे असे वरवर पाहता वाटते. तरीही ही दोन्ही वाक्ये आम्हांस मान्य नाहीत. ती का मान्य नाहीत हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

दोन पक्षांच्या राज्यात मतदाराच्या हाती एकच शस्त्र असते : हा नाही तर तो. जेथे पाच-सहा पक्ष असतात तेथे रुसलेला पुढारी वेगळी चूल मांडतो. दोनच पक्ष असले म्हणजे सगळ्या जाती, सगळे प्रदेश, सगळ्या महत्त्वाकांक्षा दोन छपरांखाली नांदवाव्या लागतात. माळवा, बुंदेलखंड, विंध्य, महाकौशल, चंबळ यांचे हितसंबंध एक नाहीत. ते एकाच पक्षात आले की भांड्याला भांडे लागणारच. तेव्हा गट असणे हे अशा पक्षाचे दूषण मानण्याचे कारण नाही. खरा प्रश्न हा की, दोन गटांत तंटा झाला तर तो पक्षाच्या घरात, सर्वांना ठाऊक असलेल्या रीतीने, मते मोजून मिटतो काय? आमचे उत्तर असे की, मध्य प्रदेश स्थापन होऊन सहा-सात दशके उलटली तरी तो तसा मिटत नाही. या पक्षात नाही आणि त्या पक्षातही नाही. म्हणून तो तंटा घराबाहेर सांडतो, आणि त्याची किंमत सरकार आणि मतदार देतात.

इतिहास पाहावा. १९६७ मध्ये द्वारकाप्रसाद मिश्र यांचे बहुमतातले सरकार पडले ते विरोधकांच्या बळावर नव्हे, तर गोविंदनारायण सिंह यांच्यासह ३६ काँग्रेस आमदार बाहेर पडल्यामुळे. राजमाता विजयाराजे शिंदे यांच्या पुढाकाराने संयुक्त विधायक दलाचे, म्हणजे 'संविद'चे, सरकार आले. दोन वर्षेही पुरी न होता ते आटोपले आणि गोविंदनारायण सिंह स्वगृही परतले. १९७७ मध्ये जनता पक्षाला मोठे बहुमत मिळाले. तीन वर्षांच्या आत कैलाश जोशी, वीरेंद्रकुमार सखलेचा व सुंदरलाल पटवा असे तीन मुख्यमंत्री झाले. पुढे १९८५ ते १९९० या एकाच विधानसभेच्या काळात अर्जुनसिंह, मोतीलाल व्होरा आणि श्यामाचरण शुक्ल या तिघांत मिळून मुख्यमंत्रिपदाचे पाच शपथविधी झाले. २००३ मध्ये भाजपला २३० पैकी १७३ जागा मिळाल्या, आणि दोन वर्षांत उमा भारती, बाबूलाल गौर व शिवराजसिंह चौहान असे तीन मुख्यमंत्री राज्याने पाहिले. प्रत्येक वेळची कारणे वेगळी होती हे खरे. परंतु निर्णय कोठे व कसा झाला हे विचाराल तर उत्तर एकच : पक्षश्रेष्ठींनी, बंद दाराआड, आमदारांच्या 'एकमताने'. शिस्तीच्या पक्षाची आणि बेशिस्तीच्या पक्षाची पाने येथे तंतोतंत जुळतात.

आता २०१८ कडे येऊ. काँग्रेसला ११४ व भाजपला १०९ जागा मिळाल्या. मतांत तर भाजपच किंचित पुढे होता. कमलनाथ की ज्योतिरादित्य शिंदे, हा प्रश्न काँग्रेसच्या ११४ निवडून आलेल्या आमदारांपुढे होता. त्यांनी काय केले? निर्णयाचा अधिकार पक्षाध्यक्षांस देणारा एका ओळीचा ठराव केला. ज्यांना लाखो मतदारांनी मत देऊन पाठविले त्यांनी स्वतःचे पहिलेच मत देण्याचे टाळले! त्या दिवशी गुप्त मतदान झाले असते तर हरलेल्याला आपण हरलो हे कळले असते आणि जिंकलेल्याला आपल्याविरुद्ध किती जण आहेत हे उमगले असते. दोघांनाही ते न कळल्यामुळे एकाला आपल्यावर अन्याय झाला असे वाटत राहिले, दुसऱ्याला आपल्याला आव्हानच नाही असे वाटत राहिले.

मार्च २०२० मध्ये त्याची परिणती झाली. काँग्रेसच्या २२ आमदारांनी राजीनामे दिले. येथे पक्षांतरबंदी कायद्याचे अंकगणित ध्यानात घ्यावे. १९८५ च्या ५२व्या घटनादुरुस्तीने एक-तृतीयांश सदस्यांच्या फुटीला मुभा दिली होती. २००३ च्या ९१व्या दुरुस्तीने ती काढून दोन-तृतीयांश सदस्यांच्या विलीनीकरणाचीच वाट ठेवली. ११४ चे दोन-तृतीयांश म्हणजे ७६. बावीस जणांना ती वाट नव्हती. म्हणून त्यांनी आमदारकीच सोडली. दोन जागा आधीच रिक्त होत्या. त्यामुळे सभागृह २०६ चे झाले, बहुमताचा आकडा १०४ वर उतरला, आणि भाजपचे १०७ आमदार त्याला पुरून उरले. एकाही सदस्याने विधानसभेत सरकारविरुद्ध मत दिले नाही, आणि तरी सरकार गेले. कायद्याने पक्षांतर थांबले नाही. सभागृहात उभे राहून मतभेद सांगणे तेवढे थांबले. मतभेद बोलून दाखविणाऱ्यास कायदा म्हणतो : गप्प बैस, नाही तर चालता हो.

हे सर्व घडले तो काळ कोणता होता हे इंदूरकरांना सांगावयास नको. करोनाची साथ दाराशी होती. आरोग्य खाते ज्यांच्याकडे होते ते मंत्रीही राजीनामे देणाऱ्या गटातच होते. २० मार्चला कमलनाथ यांनी राजीनामा दिला, २३ मार्चच्या रात्री चौहान यांचा शपथविधी झाला, आणि त्यानंतर २१ एप्रिलपर्यंत राज्यात मुख्यमंत्र्यांखेरीज एकही मंत्री नव्हता. इंदूर हे त्या दिवसांत देशातील सर्वांत बाधित शहरांपैकी एक होते. एका पक्षाचे न मोजलेले मतभेद सामान्य माणसाच्या किती अंगाशी येऊ शकतात याचा याहून ठळक दाखला आमच्या पाहण्यात नाही.

यावर असे सांगण्यात येते की, नोव्हेंबर २०२० मध्ये २८ जागांच्या पोटनिवडणुका झाल्या, त्यांतल्या १९ भाजपने जिंकल्या, म्हणजे मतदारांनी शिक्कामोर्तब केले. निकाल आम्ही मानतो. पण त्या मतपत्रिकेवर प्रश्न कोणता होता? ज्याला २०१८ मध्ये पाडण्यासाठी राबलो त्यालाच निवडून आणण्यासाठी भाजपच्या कार्यकर्त्याने घरोघर हिंडायचे होते. इंदूरलगतच्या सांवेर मतदारसंघात तर काँग्रेसमधून भाजपात गेलेले एक आणि भाजपमधून काँग्रेसमध्ये परतलेले दुसरे, असे दोघे समोरासमोर होते. 'हा नाही तर तो' म्हणावे तर हा कोणता आणि तो कोणता? दोन्ही पाट्या शाबूत, दुकानातला माल मात्र अदलाबदलीचा. द्विपक्षीय पद्धती मरते ती अशी : पक्षांची संख्या दोनच राहते, त्यांतला फरक नाहीसा होतो.

ग्वाल्हेरच्या बाजूच्या आपल्या मंडळींना हा विषय नाजूक वाटेल. शिंदे घराण्याशी आपल्यापैकी कित्येक कुटुंबांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्नाचे नाते आहे आणि ते आम्ही कमी लेखत नाही. पण २०२० च्या घटनेकडे आपल्या बैठकींतून 'महाराजांचा मान राखला गेला नाही' एवढ्याच दृष्टीने पाहिले गेले, हे बरे झाले नाही. मान राखणे हा दरबाराचा शब्द आहे; पक्षाचा शब्द मतमोजणी हा असावयास हवा. याच घराण्यातील माधवराव शिंदे यांना १९९६ मध्ये काँग्रेसने उमेदवारी नाकारली, तेव्हा त्यांनी 'मध्य प्रदेश विकास काँग्रेस' काढली, ग्वाल्हेरच्या मतदारांपुढे सरळ उभे राहिले आणि निवडून आले. कोणतेही सरकार त्यापायी कोसळले नाही. रुसण्याचीही एक लोकशाही रीत असते, ती ही.

शिस्तीच्या पक्षाविषयीही दोन शब्द. २०२३ मध्ये भाजपने १६३ जागा जिंकल्या. काँग्रेस ६६ वर आली. ११ डिसेंबरला दिल्लीहून निरीक्षक आले, विधिमंडळ पक्षाची बैठक भरली, आणि मोहन यादव यांचे नाव पुढे आले. ते नाव मांडले मावळते मुख्यमंत्री चौहान यांनीच. निवड चांगली की वाईट हा आमचा मुद्दा नाही. १६३ जणांच्या मनात काय होते हे कोणालाच कळले नाही, हा मुद्दा आहे. त्याच महिन्यात काँग्रेसनेही आपले नवे प्रदेशाध्यक्ष व विरोधी पक्षनेते दिल्लीहूनच नेमले. येथे बंड झाले नाही, म्हणून यास आरोग्य म्हणायचे काय? ज्या रुग्णाला ताप येत नाही तो निरोगीच असतो असे कोणताही वैद्य म्हणणार नाही.

हा रोग एका प्रांताचा नाही, हे गोव्यातील वाचक जाणतात. तेथे जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ आमदार भाजपात 'विलीन' झाले. दोन-तृतीयांशाचे गणित दोन्ही वेळा चोख होते. २०२२ च्या निवडणुकीआधी उमेदवारांना मंदिर, चर्च व दर्ग्यात नेऊन पक्षनिष्ठेच्या शपथा घ्यायला लावल्या होत्या. पक्षाच्या घटनेवर ज्याचा विश्वास उरत नाही त्यालाच देवाला साक्षी ठेवावे लागते. महाराष्ट्रात २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली, तेव्हा खरा पक्ष कोणाचा हे ठरविण्याचे काम निवडणूक आयोग, विधानसभाध्यक्ष आणि न्यायालये यांच्यावर येऊन पडले. वास्तविक ते पक्षाच्या सभासदांचे काम.

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप नेहमी येतो : पक्षात मतदान सुरू केले तर फूट वाढेल. ज्या देशाची पद्धती आपण उचलली तेथील अनुभव वेगळा आहे. नोव्हेंबर १९९० मध्ये ब्रिटनच्या हुजूर पक्षाच्या खासदारांनी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या नेतृत्वावर गुप्त मतदान केले. त्यांना २०४ मते पडली, प्रतिस्पर्ध्याला १५२. पहिल्याच फेरीत विजयी होण्यास चार मते कमी पडली आणि त्या पायउतार झाल्या. जॉन मेजर नेते झाले, आणि १९९२ ची निवडणूक त्याच पक्षाने जिंकली. मतदानाने नेहमी शहाणाच माणूस निवडला जातो असे नाही. २०२२ मध्ये त्याच पक्षाच्या सभासदांनी निवडलेल्या लिझ ट्रस यांना दीड महिन्यात राजीनामा जाहीर करावा लागला. पण पक्ष मोडला नाही, कोणाला हॉटेलात कोंडावे लागले नाही. आपल्याकडेही ऑक्टोबर २०२२ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी मतदान झाले. मल्लिकार्जुन खर्गे यांना ७,८९७ आणि शशी थरूर यांना १,०७२ मते पडली. आकाश कोसळले नाही. थरूर पक्षातच राहिले.

उपाय नवे नाहीत. पक्षांतरबंदी केवळ विश्वासदर्शक ठरावापुरती असावी असे दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचविले होते. पक्षांतर्गत निवडणुका कायद्याने बंधनकारक कराव्यात अशी शिफारस विधी आयोगाने १९९९ च्या १७०व्या अहवालात केली. दोन्ही कागद धूळ खात पडले आहेत, कारण या एका बाबतीत दोन्ही पक्षांचे खरोखर एकमत आहे. आम्ही त्यांत एक भर घालू : पक्ष सोडण्यासाठी जो आमदारकीचा राजीनामा देईल त्यास त्या विधानसभेची मुदत संपेपर्यंत मंत्रिपद मिळू नये. बावीस राजीनाम्यांतले किती उरले असते ते मग पाहता आले असते.

आणि शेवटी आपल्या दारापाशी येऊ, कारण पक्षांना जे शिकवायचे ते आपण तरी आचरतो काय? साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत फार चिखलफेक होते म्हणून २०१८ मध्ये महामंडळाने ती निवडणूकच रद्द केली आणि अध्यक्ष सन्मानाने निवडण्याची पद्धत आणली. यवतमाळच्या संमेलनाला त्यामुळे अरुणा ढेरे यांच्यासारख्या थोर विदुषी लाभल्या, हे आनंदाचेच. पण भांडण नको म्हणून मतपेटीच काढून टाकणे हा पक्षश्रेष्ठींचाच न्याय आहे. आपली मराठी मंडळे, ग्रंथालये, गणेशोत्सव समित्या यांचे कार्यवृत्त उघडून पाहावे : कार्यकारिणी 'बिनविरोध', ठराव 'सर्वानुमते', आणि नावे दहा-दहा वर्षे तीच. ज्याला वेगळे वाटते तो सभेत बोलत नाही. तो दुसरे मंडळ काढतो. एकेका शहरात दोन-दोन, तीन-तीन मराठी मंडळे का आहेत याचे उत्तर शोधण्यास भोपाळला जाण्याची गरज नाही.

म्हणून आमची विनंती लहानशी आहे. दिल्लीतला कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आपल्या संस्थांच्या पुढील वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रत्येक पदासाठी किमान दोन नावे यावीत, टेबलावर मतपेटी असावी, मते सर्वांसमक्ष मोजावीत आणि हरलेल्याचा आकडाही कार्यवृत्तात नोंदवावा. हरलेल्याने पुढच्या सभेलाही यावे आणि त्याला पुढच्या रांगेत जागा मिळावी.