सीट खराब होईल हां!

नवी गाडी दारात आली की तिला हळद-कुंकू लागतं, चाकाखाली लिंबू चिरडलं जातं, सोसायटीत पेढे वाटले जातात. आणि मग सुरू होतो तिला झाकण्याचा सोहळा. सीटवर कंपनीने चढवलेलं प्लॅस्टिक असतंच, ते काढायचं नाही. त्यावर रेक्झिनचं कव्हर. कव्हर मळू नये म्हणून त्यावर टॉवेल. खाली कार्पेट, त्यावर मॅट, त्यावर रबराची मॅट, आणि पावसाळ्यात त्याच्यावर कालचा पेपर. एवढं सगळं झालं की गाडीत बसणारा माणूस शेवटी कशावर बसतो, हा संशोधनाचा विषय आहे.

मी गाडी जपण्याच्या विरोधात अजिबात नाही. कर्जाचे हप्ते भरून घेतलेली वस्तू आहे, जपायलाच हवी. पण 'जपायची ती कोणासाठी' हे एकदा ठरवून टाकलं पाहिजे असं मला वाटतं. माझ्या मते गाडीचं आतलं सगळं जपायचं ते आत बसणाऱ्या माणसांसाठी. जो उपाय माणसाला गैरसोयीचा होतो, असुरक्षित करतो किंवा 'आपण इथे नको आहोत' असं वाटायला लावतो, तो कितीही महागाचा असला तरी मी त्याला जपणूक म्हणणार नाही.

आता उन्हापासून सुरुवात करू. बदलापूर-अंबरनाथचा एप्रिल-मे ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. पारा चाळिशी ओलांडतो, आणि बारवी धरणाच्या रस्त्याला सावली बघून गाडी लावली तरी तासाभरात सावली सरकते आणि गाडी उन्हात येते. २००५ साली 'पेडिअॅट्रिक्स' या नियतकालिकात स्टॅनफर्डच्या डॉक्टरांचा एक अभ्यास आला होता. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीच्या आतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढतं आणि त्यातली बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते, असं त्यांना आढळलं. काचा बोटभर खाली ठेवून विशेष फरक पडत नाही, हेही त्यांनी मोजून दाखवलं. त्यांनी हा अभ्यास डॅशबोर्डच्या काळजीने केलेला नव्हता. गाडीत राहिलेल्या लहान मुलांचं काय होतं, हा त्यांचा प्रश्न होता. आपल्याकडे मात्र उन्हाचा विषय निघाला की पहिली काळजी डॅशबोर्ड तडकण्याची!

डॅशबोर्ड तडकतो हे खरंच. प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जी द्रव्यं घातलेली असतात ती उष्णतेने हळूहळू बाहेर पडतात. समोरच्या काचेच्या आतल्या बाजूला तेलकट धुरकट थर दिसतो ना, त्यात यांचाही वाटा असतो. द्रव्यं गेली की प्लॅस्टिक कडक होतं आणि मग चिरा पडतात. यावर सगळ्यात साधा उपाय म्हणजे समोरच्या काचेला आतून लावायचा चंदेरी पत्रा, तो घडी घालून सीटखाली मावतो. स्टिअरिंगवर एक पांढरं फडकं टाकावं. आठवड्याला ओल्या कपड्याने धूळ पुसावी. झालं. ते चकचकीत पॉलिश मात्र नको. त्याने डॅशबोर्ड आरशासारखा होतो, त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि दुपारच्या उन्हात रस्ता नीट दिसत नाही. तेच पॉलिश हौसेने स्टिअरिंगला आणि पेडलला लावणारे लोकही मी पाहिले आहेत. त्यांना देवच तारो.

काळ्या फिल्मचं प्रकरण तर सगळ्यांना माहीत आहेच. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ च्या निकालात काचांवर काळी फिल्म किंवा दुसरं काहीही चिकटवायला बंदी केली. पुढे नियम बदलले. २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार ठरावीक दर्जाचं आवरण असलेली काच चालते, पण समोरून आणि मागून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये या मर्यादेत बसणाऱ्या फिल्मला हरकत नाही असंही म्हटलं. म्हणजे उन्हाचा त्रास कमी करता येतो. पण आतला माणूस दिसूच नये इतका काळोख करता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

उन्हाचं झालं, आता डाग. हा माझा आवडता विषय, कारण इथे आपलं स्वयंपाकघर कामाला येतं. बाहेर निघायचं म्हणजे डब्यात पोळी आणि बटाट्याची पिवळी भाजी ही ठरलेली, म्हणजे सीटवर हळदीचा डागही ठरलेला. लोक घाबरून त्यावर साबण चोळतात आणि डाग लालभडक होतो, मग आणखी घाबरतात. अहो, कुंकू कसं करतात? हळदीला चुना किंवा टाकणखार लावूनच ना? तीच रसायनविद्या आपण सीटवर केली. शांतपणे साध्या पाण्याने टिपत राहिलं की लाल रंग पुन्हा पिवळ्यावर येतो. आणि पिवळा रंग उन्हाला टिकत नाही, दारं उघडी ठेवून ऊन दाखवलं की हळूहळू फिका होत जातो. ज्या उन्हाला आपण शत्रू मानतो ते इथे फुकटचा धोबी होतं. :)

दुसरा डाग खास आमच्या भागातला, जांभळाचा. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण त्याआधीपासून जूनच्या सुरुवातीला रस्त्याच्या कडेला जांभळं घेऊन बसलेल्या बायका दिसल्या की गाडी थांबणारच. या डागाला साबण लावला तर तो निळसर होतो. कारण जांभळाचा रंग आंबटात लालसर आणि खारात निळा दिसतो. लगेच गार पाण्याने टिपायचं, चोळायचं नाही, मग पाण्यात थोडं लिंबू पिळून पुन्हा टिपायचं. आधी सीटच्या कोपऱ्यात, न दिसणाऱ्या जागी करून बघावं म्हणजे झालं.

तिसरा डाग चिखलाचा. हा सगळ्यात सोपा, पण अंगात धीर हवा. ओला चिखल पुसायला गेलं की तो कापडात आणखी आत जातो. वाळू द्यावा आणि मग ब्रशने झाडावा. आणि कृपा करून पाण्याचा पाइप गाडीच्या आत-बाहेर सोडू नका. एमआयडीसीने बांधलेल्या बारवीचं पाणी खाली उल्हास नदीतून जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रात येतं आणि तिथून कारखान्यांना आणि आजूबाजूच्या शहरांना जातं. उन्हाळ्यात पाणीकपात लागली की आपणच ओरडतो. गाडीच्या आतल्या सफाईला एक तांब्या पाणी आणि दोन फडकी पुरतात.

आता झीज. इथे मात्र मला गंमत करावीशी वाटत नाही. झिजू नये म्हणून आपण सीटला कव्हर घालतो. आता बऱ्याच गाड्यांत पुढच्या सीटच्या बाजूलाच एअरबॅग असते, तशी चिठ्ठी तिथे शिवलेली असते. जाड कव्हर तिच्यावरून घट्ट ताणून बसवलं तर ती फुटायच्या वेळी अडू शकते. कव्हर घ्यायचंच असेल तर त्या बाजूला उसवणारी शिवण असलेलं घ्यावं, किंवा ती बाजू मोकळी सोडणारं. मागच्या सीटचं तर आणखी वाईट. कव्हर चढवताना मागच्या पट्ट्यांचे खटके खाली दाबले जातात आणि कायमचे गडप होतात. किती गाड्यांत मी मागे बसून हात घालून ते शोधलेत! 'मागे कोण लावतं' हे उत्तर ठरलेलं.

४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. गाडी साधीसुधी नव्हती. त्यानंतर काही दिवस सगळ्यांनी मागचे पट्टे शोधले, मग पुन्हा विसरले. मागच्या सीटलाही पट्टा सक्तीचा आहे आणि न लावल्यास १००० रुपये दंड आहे. पण दंडाचं सोडा. सीटचं कापड झिजू नये म्हणून आपण खटका गाडून टाकतो, यात काय वाचवलं आणि काय पणाला लावलं, याचा हिशोब ज्याने त्याने करावा.

पायाखालच्या मॅटचंही तेच. एकावर एक मॅट टाकल्या की वरची सरकते आणि पेडलखाली जाते. २००९ साली अमेरिकेत टोयोटाने सुमारे ३८ लाख गाड्यांबाबत सूचना काढली होती, कारण मॅटमध्ये अॅक्सिलरेटर अडकू शकत होता. ड्रायव्हरच्या पायाशी एकच मॅट, ती त्याच गाडीच्या मापाची आणि हुकात अडकवलेली असावी. ओली झाली तर काढून वाळवावी, नाहीतर पावसाळाभर गाडीला कुबट वास येतो. सीटवरच्या प्लॅस्टिकचा त्रासही पावसातच कळतो. त्याच्या आत ओल धरते आणि बुरशी येते. ते प्लॅस्टिक कारखान्यापासून शोरूमपर्यंतच्या प्रवासासाठी असतं, आपल्या प्रवासासाठी नसतं.

हे सगळं लिहायचं खरं कारण माझी आत्या आहे. वय ७८. गेल्या पावसाळ्यात आम्ही तिला बारवीच्या रस्त्याने फिरवून आणलं. पाण्यात उतरायचा प्रश्न नव्हता, पावसाळ्यात तिथे बऱ्याचदा बंदीच असते. रस्त्याच्या कडेला उभं राहून हिरवा डोंगर बघायचा, भुट्टा खायचा आणि परत यायचं. सर आली आणि तिच्या नऊवारीचा काठ भिजला. आम्ही सगळे पळत गाडीत बसलो, आत्या बाहेरच उभी.

"आत्या, बस ना गं, भिजतेयस."

"एखादी पिशवी आहे का गं प्लॅस्टिकची? खाली घालते. तुझी सीट खराब व्हायची."

मी तिला ओढूनच आत घेतलं. परतताना हळूहळू कळलं. आपल्याच नात्यातल्या एका गाडीत कोणीतरी तिला 'जपून हां, सीट खराब होईल' म्हणालं होतं. वाईट हेतूने नसेल, सहज. पण तेव्हापासून ती लांबच्या गाडीप्रवासाला 'गुडघे दुखतात' म्हणून नाही म्हणते. या वयात बाथरूमला जायची घाई होते, कुठे काही झालं तर, ही भीती तिच्या मनात बसली आहे. दोन लग्नं आणि एक बारसं तिने त्यापायी चुकवलं. (कोण म्हणालं ते इथे लिहीत नाही. वाचत असतीलच.)

तिच्या बाजूला पसरायला मी आता एक जुनी सुती गोधडी गाडीत ठेवली आहे. ती सगळ्यांसाठीच आहे असं आत्याला सांगितलंय आणि आम्ही खरोखरच सगळे आलटून पालटून तिच्यावर बसतो. मळली की धुवायची. सीटही वाचते आणि आत्याही येते. जपणूक म्हणजे मला अशी हवी आहे. आधी माणूस आत आला पाहिजे, मग सीटचं काय ते बघू.

बारवीच्या त्या रस्त्यावर आणखी एक गोष्ट दर वेळी मनात येते. धरण १९७२ चं. पुढे त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढवली गेली आणि तोंडली, काचकोली यांसारख्या गावपाड्यांतल्या माणसांना घरं-जमिनी सोडाव्या लागल्या. त्या पाण्यावर आपली शहरं चालतात. आणि तिथलंच कोणी डोक्यावर ओलं इरलं आणि हातात पाटी घेऊन हात दाखवतं, तेव्हा आपली गाडी थांबत नाही, कारण सीट! अनोळखी माणसाला गाडीत घ्यावं की नाही याची इतर कारणं असू शकतात, ती मी समजू शकते. पण चिखल हे कारण असू नये. चिखल वाळतो आणि झाडता येतो, वर सांगितलंच आहे.

'विकताना भाव येईल' हा युक्तिवाद मला घरीही ऐकावा लागतो. येईल थोडा जास्त, मान्य. पण दहा वर्षं आपण आणि आपल्या माणसांनी घामट प्लॅस्टिकवर बसायचं आणि अकराव्या वर्षी कोणा अनोळखी माणसाला कोरी करकरीत सीट द्यायची, हा सौदा मला तरी परवडत नाही.

असो. बरंच लांबलं. या रविवारी एवढंच करा. मागच्या सीटच्या फटीत हात घालून तिन्ही खटके वर काढा. आणि जी मावशी, आत्या किंवा काका हल्ली 'गुडघे दुखतात' म्हणून गाडीतून यायचं टाळतात, त्यांना एक फोन करा. जांभळं खायला जाऊ म्हणावं. डागाचं आपण बघून घेऊ.