कोणतं तेल, हे आधी विचारा

ब्रेंट वधारलं की आपल्याकडे लगेच मथळा होतो, ‘कच्चं तेल भडकलं’. पिंपामागे इतके डॉलर, असा एकच आकडा दिला जातो आणि पुढे पेट्रोलचे दर, रुपयाची घसरण, महागाई असं सगळं गणित त्यावर मांडलं जातं. पण ब्रेंट हे उत्तर समुद्रातलं तेल, हलकं आणि कमी गंधकाचं. आपले कारखाने जे शुद्ध करतात त्यातला फार मोठा हिस्सा जास्त गंधकाच्या तेलाचा असतो. म्हणून तर सरकारी ‘इंडियन बास्केट’मध्ये ओमान-दुबईच्या तेलाचं वजन ब्रेंटच्या तिपटीहून अधिक आहे. ही माहिती उघड आहे, तरी चर्चेत ती जवळपास कधीच येत नाही. कच्च्या तेलाला एकच वस्तू मानून आपण ऊर्जासुरक्षेवर बोलतो आणि म्हणून अर्ध्या गोष्टी आपल्या नजरेतून सुटतात, असं माझं ठाम मत आहे.

तेल पारखण्याच्या मुख्य कसोट्या दोन. पहिली घनतेची. ती ‘एपीआय’ अंशांत मोजतात. पाण्याचा अंक १० धरलेला आहे आणि अंक जितका मोठा तितकं तेल हलकं. ढोबळमानाने ३१ च्या वरचं हलकं, २२ च्या खालचं जड. दुसरी कसोटी गंधकाची. अर्धा टक्क्याहून कमी असेल तर बाजार त्याला ‘स्वीट’ म्हणतो, जास्त असेल तर ‘सावर’. हलक्या तेलातून नाफ्ता आणि पेट्रोल जास्त निघतं, तर जड तेलात तळाचा गाळ अधिक. त्याचं डांबर करा, नाहीतर महागडी यंत्रं बसवून तो गाळ पुन्हा फोडा. गंधक काढायला हायड्रोजन लागतो आणि तो तयार करायलाही खर्च येतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत १० भागांवर आणावं लागलं. तेव्हापासून तर हा हिशेब आणखी काटेकोर झाला आहे.

आपल्या देशातलं तेलही एका जातीचं नाही. मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्रतळाखालच्या चुनखडकात ‘सागर सम्राट’ने १९७४ च्या फेब्रुवारीत तेल शोधलं. १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झालं. मुंबई हायचं हे तेल खरोखर उत्तम दर्जाचं, एपीआय ३९ च्या आसपास, गंधक नाममात्र. नळातून उरणला येतं आणि तिथून ट्रॉम्बेच्या कारखान्यांत.

राजस्थानात बाडमेरच्या मंगला क्षेत्रातलं तेल त्याहून अगदी वेगळ्या स्वभावाचं. ते २००४ मध्ये सापडलं. गंधक कमी, पण मेण इतकं की थंडीतल्या खोबरेलासारखं थिजतं. विहिरीतून वर आलेलं तेल नळात गोठून बसू नये म्हणून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत सहाशेहून अधिक किलोमीटरची नळवाहिनी टाकावी लागली. तिला बाहेरून उष्णतारोधक आवरण आहे आणि वाटेत ठरावीक अंतरावर तापवण्याची केंद्रं, कारण तेल अखंड ६५ अंशांच्या वर ठेवावं लागतं. २००९ मध्ये उत्पादन सुरू झालं ते या जोडणीच्या भरवशावर. ती नसती तर उत्तम तेल सापडूनही वाळवंटाखालीच राहिलं असतं.

आणि मेहसाणा. उत्तर गुजरातच्या शेतांमध्ये डोकं खालीवर करणारे पंप दिसतात, त्यांतल्या बालोल आणि संथाल क्षेत्रांतलं तेल इतकं जड आणि चिकट की आपणहून खडकातून विहिरीकडे सरकत नाही. तिथे ओएनजीसीच्या अभियंत्यांनी थेट जमिनीखालीच आग लावली. विहिरीतून दाबाखाली हवा सोडायची, खडकातलं थोडं तेल पेटवायचं आणि त्या आगीच्या उष्णतेने उरलेलं पातळ करून पुढच्या विहिरींकडे ढकलायचं. १९९० मध्ये बालोलला प्रयोग झाला, काही वर्षांत तो व्यापारी पातळीवर गेला. शेकडो मीटर खाली, डोळ्यांना न दिसणारी आग वर्षानुवर्षं ताब्यात ठेवणं ही असामान्य कामगिरी आहे. शाळेच्या पुस्तकात मुंबई हाय असतं, बालोल नसतं, याचं मला वाईट वाटतं.

आता आयातीकडे वळू. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनयुद्ध सुरू झाल्यावर आपण रशियन तेल मोठ्या प्रमाणावर घेऊ लागलो आणि दोन टक्क्यांहून कमी असलेला त्याचा वाटा एक-तृतीयांशाच्या वर गेला. चर्चा झाली ती सवलतीची आणि मुत्सद्देगिरीची. दोन्ही खरंच, पण रशियाचं ‘युराल्स’ हे एपीआय ३१ च्या जवळचं आणि दीडेक टक्का गंधकाचं तेल आहे, म्हणजे आखाती तेलाच्या जवळ जाणारं. आपले कारखाने त्या जातीला सरावलेले होते, म्हणून ते पचलं. जामनगरचा कारखाना तर व्हेनेझुएलाचं एपीआय १६ चं तेलही घेऊ शकतो. ही ताकद गाळ फोडणाऱ्या आणि गंधक काढणाऱ्या यंत्रांत वर्षानुवर्षं ओतलेल्या पैशातून आली आहे. ‘आम्ही इतक्या देशांकडून तेल घेतो’ असं अभिमानाने सांगितलं जातं. देश वाढले याचा आनंद आहेच. पण होर्मुझची सामुद्रधुनी बंद पडली तर हातचं जाईल ते मध्यम घनतेचं, गंधकयुक्त, डिझेल भरपूर देणारं तेल. त्या जागी अमेरिकेचं अतिहलकं शेल तेल आणलं तर पिंपांची संख्या जुळेल, डिझेल मात्र कमी पडेल. आणि आपली मालवाहतूक व शेती डिझेलवर चालते.

म्हणून दोन मागण्या. पहिली मुंबई हायबद्दल. ऐंशीच्या दशकात दिवसाला चार लाखांहून अधिक पिंपं देणारं हे क्षेत्र आता दीड लाखाच्याही खाली आहे. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने बीपीला तांत्रिक साहाय्यासाठी निवडलं. निर्णय उशिरा झाला, पण योग्य झाला. तिथलं प्रत्येक पिंप कमी गंधकाचं आणि ट्रॉम्बेच्या दारातलं आहे, तेव्हा त्याची किंमत निव्वळ पिंपांच्या संख्येत करू नये.

दुसरी मागणी साठ्यांची. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पाडूरच्या खडकांतल्या गुहांची क्षमता ५३.३ लाख टनांची आहे. हा आकडा संसदेत सांगितला जातो, पण टंचाईत कोणता कारखाना त्यातून चालेल हे त्यावरून समजत नाही. अमेरिका आपल्या राखीव साठ्यात ‘स्वीट’ किती आणि ‘सावर’ किती, हे वेगवेगळं जाहीर करते. आपल्याकडेही ही विभागणी ठरलेल्या वेळी लोकांसमोर यावी. पाडूर आणि चंडीखोलच्या वाढीव साठ्यांची आखणी पुढे जात असताना, कोणत्या गुहेत कोणत्या जातीचं तेल आणि ते कोणत्या कारखान्यांसाठी, हे त्या करारांतच लिहिलं गेलं पाहिजे.