दाभोळला गाडी बोटीवर चढते, मग डिंभ्यात का नाही?

तळेघर : डिंभे धरणाच्या फुगवट्यामुळे घोड नदीचे काठ एकमेकांपासून दुरावले. पलीकडे जायचे तर होडी, नाहीतर रस्त्याने मोठा वळसा. मग इथे कोकणासारखी गाड्या नेणारी फेरीबोट का नाही? जाणून घ्या.

दाभोळला काय आहे?
रत्नागिरी जिल्ह्यात वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ पासून सुरू आहे. दापोलीहून गुहागरला जाताना चिपळूणचा वळसा त्यामुळे टळतो.

अडचण कुठे?
बोटीचा रॅम्प काठावरच्या उतारावर टेकतो, मग गाडी चढते. खाडीत भरती-ओहोटीचा फरक काही मीटरचाच, त्यामुळे एक पक्का उतार पुरतो. डिंभ्यातून मात्र शेतीसाठी पाणी सुटते. उन्हाळ्यापर्यंत पातळी इतकी खाली जाते की पावसाळ्यातली जेटी कोरडी पडेल.

मग उपाय काय?
वेगवेगळ्या पातळ्यांवर उतार किंवा तरंगती जेटी. दोन्हींचा खर्च मोठा आणि तो भरून निघायला रोज पुरेशा गाड्या हव्यात. त्यामुळे आधी हवी ती माणसांसाठी सुरक्षित बोट : ठरलेली क्षमता, लाइफ जॅकेट, नियमित तपासणी. शाळकरी मुले आणि रुग्णांसाठी तेवढेही मोठे आहे.